प्रतिनिधी की सिनेटर: अमेरिकेत गावच्या जलवाहिनीसाठी अर्ज कुणाकडे?

अमेरिकेत गावच्या कामाला केंद्राचा पैसा हवा, तर तो तिथल्या संसदेतल्या लोकप्रतिनिधीमार्फत मागता येतो. पण आपल्या खासदार निधीसारखे वर्षाला ठरलेले 5 कोटी इथे त्याच्या हाताशी नसतात. प्रत्येक प्रकल्प संसदेच्या खर्चाच्या विधेयकात किंवा त्यासोबतच्या यादीत नावानिशी यावा लागतो. प्रतिनिधीगृहाच्या (कनिष्ठ सभागृहाच्या) सदस्याला 2024 च्या अर्थसंकल्पासाठी 15 च प्रकल्प सुचवता आले. म्हणजे खरी चाळणी त्याच्याच कार्यालयात, आणि गावाच्या पाठिंब्याची पत्रं तिथेच कामी येतात. सिनेटरला (वरिष्ठ सभागृहाच्या सदस्याला) संख्येचं बंधन नाही, पण अख्खं राज्य रांगेत. दोन्हीकडे अर्ज कराच. फक्त रक्कम आणि प्रकल्पाचं नाव तंतोतंत सारखं ठेवा.

घोडं अडतं मंजुरीनंतर. पाणीप्रकल्पात साधारण 20 टक्के वाटा स्थानिक पातळीवर उभा करावा लागतो. पर्यावरण तपासणीआधी चर खोदलात, तर तो खर्च परत मिळणं कठीण. आणि 2025 मध्ये तर वर्षभराच्या मुदतवाढ विधेयकात (नवा अर्थसंकल्प न करता जुनाच खर्च पुढे चालू ठेवणाऱ्या) असे सगळेच प्रकल्प गळाले.