द सर्च फॉर मॉडर्न चायना: पहिली शंभर पानं प्लीज गाळू नका

इतिहासकार जोनाथन स्पेन्सचं हे पुस्तक 1990 ला आलं आणि तेव्हापासून इंग्रजीतून चीनचा इतिहास शिकवणाऱ्या कितीतरी कॉलेजांत टेक्स्टबुक म्हणून लागतंय. आठशेच्या वर पानं. रोज रात्री वीस-पंचवीस पानं करत दीड महिन्यात संपवलं आणि आता भेटेल त्याला सांगत सुटलोय, म्हणून इथेही लिहितो.

मॉडर्न चायना म्हटलं की बरीच पुस्तकं डायरेक्ट ब्रिटनबरोबरच्या अफूच्या युद्धापासून सुरू होतात, खुद्द चीनमध्येही अर्वाचीन इतिहास 1840 पासूनच मोजायची पद्धत आहे. स्पेन्स सुरुवात करतो 1600 पासून, मिंग घराण्याच्या शेवटच्या दिवसांतून. मलाही आधी वाटलं एवढं मागे कशाला जायचं? पण मग 1644 ला ईशान्येकडचे मांचू लोक बीजिंग घेतात, पुढे खांगशी, युंगचंग, छ्येनलुंग असे तीन बादशहा मिळून सव्वाशेच्या वर वर्षं राज्य करतात, अठराव्या शतकात लोकसंख्या जवळपास दुप्पट होते पण जमीन काही त्या मानाने वाढत नाही, अधिकारी तेवढेच राहतात, वर भ्रष्टाचार बोकाळतो, आणि हे सगळं वाचून झाल्यावर जेव्हा ब्रिटिश जहाजं येतात तेव्हा लक्षात येतं की घराला वाळवी आधीच लागली होती. झोपलेल्या चीनला गोऱ्यांनी येऊन जागं केलं ही गोष्ट मग पटेनाशी होते. माझ्यासाठी पुस्तकाचे पैसे इथेच वसूल झाले.

लिहिण्याची पद्धत तर काय सांगू. 1839 मध्ये बादशहाने पाठवलेला अधिकारी लिन झशू कँटन बंदरात येऊन अफू जप्त करतो, वीस हजारांच्या वर पेट्या, वजनात जवळजवळ 30 लाख पौंड (आणि ही अफू आपल्याकडचीच हं, पाटण्याची आणि माळव्याची). मोठे चर खणून त्यात पाणी, मीठ, चुना घालून ती विरघळवतात आणि समुद्रात सोडतात. पण त्याआधी लिन समुद्रदेवतेची प्रार्थना लिहितो, तुझ्या पाण्यात हे विष सोडतोय त्याबद्दल माफी मागतो आणि पाण्यातल्या जिवांना थोडे दिवस लांब जायला सांग अशी विनंती करतो. मी पुस्तक मिटून पाच मिनिटं नुसता बसून होतो. टेक्स्टबुकात माणूस असा समोर येऊन उभा राहतो हे मी तरी पहिल्यांदाच बघितलं. तैपिंग बंडाचा हाँग शिउच्वान पण तसाच, सरकारी अधिकारी व्हायच्या परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास झालेला, स्वतःला येशूचा धाकटा भाऊ समजायला लागलेला, आणि त्याच्यामागे जाऊन अख्खा यांगत्सीकाठ 1864 पर्यंत पेटलेला, दोनेक कोटी माणसं गेली त्यात.

त्रास कुठे होतो तेही सांगतो. नावं फार आहेत, 1912 नंतर लष्करी सरदारांच्या भागात तर कोण कुणाच्या बाजूने तेच कळेना, मी शेवटी कागदावर लिहून ठेवायला लागलो. उच्चारांची टीप आधी वाचा, मी ती सोडली आणि पन्नास पानं छिंग घराण्याला (म्हणजे मांचूंच्याच घराण्याला) क्विंग म्हणत बसलो. दुसरं म्हणजे स्पेन्स प्रसंग सांगतो, माणसं दाखवतो, पण ठाम निष्कर्ष क्वचितच काढून देतो. परीक्षेसाठी मुद्दे हवे असतील तर चिडचिड होईल. मला स्वतःला 1959 ते 61 च्या दुष्काळावर अजून पानं हवी होती, एवढी माणसं मेली आणि पुस्तक त्या मानाने पटकन पुढे सरकतं, ते मला खटकलं.

जाता जाता, स्पेन्सचं चिनी नाव शी जिंगछ्येन. त्यातलं छ्येन म्हणजे हान काळातला थोर इतिहासकार सिमा छ्येन, त्याच्याविषयीचा आदर म्हणून घेतलेलं.

घेताना आवृत्ती बघून घ्या. पहिली तिआनानमेन चौकातल्या 1989 च्या आंदोलनापाशी थांबते, 2013 ची तिसरी आवृत्ती एकविसाव्या शतकात येते. मी जुनी प्रत मागवली, विकणारा म्हणाला कंडिशन एकदम चांगली, आणि आली ती नकाशाचं पान फाटलेली. नकाशाशिवाय लाँग मार्चचं, म्हणजे कम्युनिस्टांच्या हजारो मैलांच्या माघारीचं, प्रकरण वाचवत नाही, त्यामुळे जुनी घेणार असाल तर आधी नकाशांचे फोटो मागून घ्या.