रेकॉर्ड केलेली आयक्यू फाइल उघडायची कशात: ग्नू रेडिओ, पायथन की इन्स्पेक्ट्रम?

आरटीएल-एसडीआर डोंगलने (यूएसबीला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) दहा मिनिटं रेकॉर्डिंग केलं की 2.88 जीबीची फाइल तयार होते. सेकंदाला 24 लाख सॅम्पल (सिग्नलची क्षणोक्षणीची मोजमापं), प्रत्येकाचे दोन बाइट, एक आय आणि एक क्यू; या जोडीतून सिग्नलची ताकद आणि फेज कळते, म्हणून ही आयक्यू फाइल. पुढे ही फाइल कशात उघडायची, इथे बरेच जण अडतात.

माझं मत आधीच सांगतो. एफएम स्टेशन किंवा हवामान उपग्रहासारखा सलग सिग्नल असेल तर ग्नू रेडिओ, म्हणजे ब्लॉक जोडून सिग्नलवर काम करणारं सॉफ्टवेअर. गेटचा रिमोट किंवा तापमानाचा सेन्सर असा क्षणभर येऊन जाणारा सिग्नल असेल तर पायथन, म्हणजे त्या भाषेत स्वतः लिहिलेला प्रोग्राम. आणि दोन्हींच्या आधी पाच मिनिटं इन्स्पेक्ट्रम, म्हणजे फाइल चित्ररूपात दाखवणारं साधन. कारण साधं आहे: ग्नू रेडिओला फाइल म्हणजे वाहता प्रवाह वाटतो, पायथनला ती समोर पसरलेली आकड्यांची रांग असते. प्रवाह चालू असताना मागे जाता येत नाही, रांगेत हवं तिथे जाता येतं.

काहीही निवडा, एक गोष्ट सगळीकडे सारखीच. या कच्च्या फाइलला हेडर, म्हणजे सुरुवातीची माहितीची नोंद, नसतं. सॅम्पल रेट, फ्रिक्वेन्सी, डेटाचा प्रकार, काहीच आत लिहिलेलं नाही. आरटीएलच्या फाइलमध्ये 0 ते 255 असे आकडे असतात आणि शून्य पातळी 127.5 च्या आसपास असते, ती वजा करावीच लागते. आर820टी ट्यूनरच्या (फ्रिक्वेन्सी निवडणारी चिप) डोंगलमध्ये स्पेक्ट्रमच्या, म्हणजे फ्रिक्वेन्सीनुसार ताकदीच्या आलेखाच्या, बरोबर मध्यभागी उंच काटा दिसला, तर आधी ही वजाबाकी राहिली आहे का ते बघा. हॅकआरएफ या दुसऱ्या एसडीआर उपकरणाचे आकडे चिन्हासकट, उणे-अधिक असतात, तिथे वजाबाकी नको.

ग्नू रेडिओची बाजू मला एफएमच्या उदाहरणात सगळ्यात पटते. 24 लाखांचा रेट फिल्टर लावून दहाने कमी केला की 2,40,000, तो एफएम डिमॉड्युलेटरमधून (सिग्नलमधून आवाज वेगळा काढणारा ब्लॉक) पाचाने कमी केला की 48,000, म्हणजे थेट साउंड कार्डचा रेट. चार-पाच ब्लॉक जोडले की आवाज आला. फक्त डी-एम्फसिसकडे (प्रसारणात वाढवलेले उंच स्वर परत कमी करणं) लक्ष द्या: तयार ब्लॉक अमेरिकेतले 75 मायक्रोसेकंद धरून चालतो, आपल्याकडची स्टेशनं 50 वर आहेत. तसंच ठेवलं तर आवाज थोडा दबका येतो.

नवख्यांना छळतात त्या दोन सेटिंग. फाइल सोर्समध्ये (फाइल वाचणारा ब्लॉक) ‘रिपीट’ मुळातच चालू असतं; निकाल दुसऱ्या फाइलमध्ये लिहीत असाल तर ती डिस्क भरेपर्यंत वाढत राहते. दुसरं थ्रॉटल, वेग रोखून धरणारा ब्लॉक. समोर हार्डवेअर नसल्यामुळे ग्राफ (जोडलेल्या ब्लॉकची साखळी) प्रोसेसरच्या पूर्ण वेगाने पळतो, म्हणून नुसता स्पेक्ट्रम बघताना थ्रॉटल हवा. ऑडिओ सिंक (आवाज साउंड कार्डला देणारा ब्लॉक) जोडला असेल तर मात्र काढून टाका, वेग साउंड कार्डच ठरवतं. फाइलमधून फाइलमध्ये काम करतानाही नको, दहा मिनिटांच्या रेकॉर्डिंगसाठी दहा मिनिटं थांबायचं कशाला?

आता पायथन. 433.92 मेगाहर्ट्झचा रिमोट घ्या. बटण दाबल्यावर छोट्या ठोक्यांची एक मालिका येते. नमपायने (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) फाइल वाचायची, 127.5 वजा करायचे, आय-क्यू जोडीचे कॉम्प्लेक्स आकडे करून प्रत्येकाचं मान, म्हणजे सिग्नलची ताकद, काढायचं, ठोका कुठे आहे ते ओळखायला एक उंबरठा ठरवायचा. 500 मायक्रोसेकंदांचा ठोका 1200 सॅम्पलचा निघतो, तो सरळ मोजता येतो. उंबरठा चुकला तर बदलून तोच तुकडा पुन्हा चालवा. ग्नू रेडिओत हेच करायला प्रत्येक वेळी ग्राफ पहिल्यापासून चालवावा लागतो. गणित समजून घ्यायचं असेल तरी पायथनच घ्या, एकेक पायरी छापून बघता येते.

पण मेमरी सांभाळा. ती 2.88 जीबीची फाइल 32 बिटांच्या फ्लोटमध्ये 11.5 जीबी होते. वजाबाकीआधी प्रकार ठरवून दिला नाही तर नमपाय 64 बिट वापरतं आणि त्याच्याही दुप्पट. आठ जीबी रॅमचा लॅपटॉप तिथेच बसतो. तुकडे करून वाचणं हा उपाय आहे, पण मग प्रत्येक तुकड्याच्या शेवटी फिल्टरची स्थिती आणि फ्रिक्वेन्सी सरकवणाऱ्या ऑसिलेटरची फेज पुढच्या तुकड्याला द्यावी लागते. न दिल्यास प्रत्येक सांध्यावर ‘टक’ असा आवाज येतो. ग्नू रेडिओ ही उठाठेव आपण होऊन करतो, म्हणूनच लांब सलग रेकॉर्डिंगला मी पायथन सुचवत नाही.

इन्स्पेक्ट्रम हे बघण्याचं आणि मोजण्याचं साधन. मोठाल्या फाइलीही सहज उघडतं. कर्सर लावून ठोक्यांची संख्या दिली की सिम्बॉल रेट (सेकंदाला किती ठोके) समोर येतो. आरटीएलची फाइल असेल तर नावाच्या शेवटी ‘.cu8’ लावा, प्रकार त्यावरूनच ओळखला जातो. एफएमचा आवाज ऐकायला ते उपयोगाचं नाही. नुसतं ऐकायचंच असेल तर एसडीआर++ या रिसीव्हर सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करून तिथेच परत वाजवा.

रेकॉर्डिंग अजून करायचं असेल तर सोबत सिगएमएफची (रेकॉर्डिंगची माहिती नोंदवायची ठरलेली पद्धत) छोटी जेसन मजकूर-फाइल ठेवा: डेटाचा प्रकार, सॅम्पल रेट, मध्य फ्रिक्वेन्सी, वेळ. सहा महिन्यांनी फाइल उघडाल तेव्हा ती 24 लाखांची होती की 20 लाखांची, हे नुसत्या आकड्यांवरून कळत नाही.