मऊ की मुलायम? वाइन निवडताना ‘सॉफ्ट’ आणि ‘स्मूद’ यांतला फरक

“एखादी स्मूद रेड द्या,” असं म्हणून मी एकदा बाटली घेतली. घरी उघडून पहिला घोट घेतला, तर वाइन चक्क गोडसर! विकणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. ‘स्मूद’ म्हणजे ‘बोचू नये’, आणि न बोचणारी वाइन म्हणजे थोडी गोड, असा त्याने सरळ हिशेब केला होता. मला हवं होतं वेगळंच. टॅनिन असावं, पण ते तोंडात खरखरू नये. हे मात्र मी बोललोच नव्हतो.

तेव्हापासून मी हे दोन शब्द वेगळे ठेवायला लागलो. सॉफ्ट म्हणजे मऊ आणि स्मूद म्हणजे मुलायम, गुळगुळीत. बोलताना आपण दोन्ही एकाच अर्थाने वापरतो, पण हाताला फरक लगेच कळतो. घोटलेला संगमरवर गुळगुळीत असतो, मऊ नसतो. जाड टॉवेल मऊ असतो, गुळगुळीत नसतो. मऊपणा दाबल्यावर कळतो, गुळगुळीतपणा हात फिरवल्यावर. वाइनचंही तसंच आहे. एक वाइन तोंडावर जोर करत नाही, दुसरी जोर करते पण ओरखडा उठू देत नाही. तुम्हाला यांतली कोणती हवी आहे हे ठरलं की अर्धी निवड झाली.

तोंडात नेमकं काय होतं

मराठीत याचे शब्द तयार आहेत आणि ते फार नेमके आहेत. आंबट वाइनने दात आंबतात आणि तोंडाला पाणी सुटतं. तुरट वाइनने तोंड आवळतं आणि कोरडं पडतं. जास्त अल्कोहोलने घशाशी चरचरतं. नवशिक्या माणसाला या तिन्ही गोष्टी ‘कडक’ या एकाच शब्दात कोंबाव्याशा वाटतात आणि घोळ तिथेच होतो, कारण तिघांवरचा इलाज वेगवेगळा आहे.

तुरटपणा टॅनिनमुळे येतो. द्राक्षाच्या साली, बिया, देठ आणि ओकच्या पिंपाचं लाकूड या चार ठिकाणांहून टॅनिन वाइनमध्ये उतरतं. ते लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, त्यांच्या गुठळ्या होतात आणि लाळेचा निसरडेपणा जातो. मग जीभ गालाच्या आतल्या बाजूवर घासल्यासारखी वाटते. म्हणजे तुरटपणा चवीपेक्षा स्पर्शाच्या जास्त जवळचा. बिनदुधाचा कडक चहा पिऊन बघा, मग त्याच चहात चमचाभर दूध घाला. दुधातली प्रथिनं टॅनिनला आधीच धरून ठेवतात आणि तोंडाचं आवळणं कमी होतं. टॅनिन समजून घ्यायला याहून सोपा प्रयोग मला माहीत नाही.

मऊपणाची बेरीज करता येते

इटलीत सोमेलिए, म्हणजे वाइन निवडून वाढणारी जाणकार मंडळी, वाइन चाखतात तेव्हा दोन पारडी मांडतात. एका पारड्यात मऊ करणाऱ्या गोष्टी, म्हणजे साखर, अल्कोहोल आणि ग्लिसरॉलसारखे पदार्थ. दुसऱ्यात कठीण करणाऱ्या, म्हणजे आम्ल, टॅनिन आणि खनिज क्षार. पहिलं पारडं जड झालं की वाइन मऊ. त्यांच्याकडे मऊपणाला ‘मॉर्बिदेत्सा’ असा स्वतंत्र शब्दच आहे.

फ्रान्समधल्या बोर्दोचे वाइनतज्ज्ञ एमिल पेनो (1912–2004) याच्याही पुढे गेले आणि त्यांनी थेट आकडा मांडला. अल्कोहोलच्या टक्क्यांतून आम्लता आणि टॅनिन यांची बेरीज वजा करायची. आम्लता आणि टॅनिन लिटरमागे ग्रॅममध्ये घ्यायचं, त्यातही आम्लता फ्रेंच पद्धतीने सल्फ्युरिक आम्लाच्या हिशेबात. उत्तर 5 च्या वर गेलं की लाल वाइन लवचीक, मऊ म्हणायची. समजा, एका वाइनमध्ये अल्कोहोल 13, आम्लता 3.3 आणि टॅनिन 2 आहे. उत्तर 7.7, म्हणजे मऊ. दुसरीत अल्कोहोल 12, आम्लता 4.5 आणि टॅनिन 4. उत्तर 3.5, म्हणजे ही ताठ.

मला या गणिताची गंमत वाटते ती त्यात काय दिसत नाही यामुळे. टॅनिन किती आहे हे त्याला कळतं, कसं आहे हे कळत नाही. पिकलेल्या सालींतलं 3 ग्रॅम टॅनिन आणि कच्च्या बियांतलं 3 ग्रॅम टॅनिन गणिताला सारखंच. तोंडाला मात्र एक मखमल वाटतं आणि दुसरं कानस. स्मूद हा शब्द नेमका इथे कामाला येतो.

मऊपणा वाढवण्याचे वाइनमेकरचे मार्गही बहुतेक याच बेरजेतले आहेत. द्राक्षं जास्त पिकू दिली की साखर वाढते, अल्कोहोल वाढतं आणि आम्ल घटतं. दुसरा मार्ग मॅलोलॅक्टिक किण्वनाचा. यात ‘ईनोकॉकस ईनी’ हा जिवाणू तीक्ष्ण मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल करतो. जवळजवळ सगळ्या लाल वाइन या टप्प्यातून जातात, पांढऱ्यांतल्या काहीच. लोण्यासारखा वास येणारी शार्दोने ही पांढरी वाइन प्यायला असाल तर तिच्यात हेच झालेलं असतं.

मुलायमपणा म्हणजे टॅनिनचा पोत

इथे रेंगाळायला हरकत नाही, कारण चाखताना खरी मजा याच भागात आहे.

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2000 साली लाल वाइनच्या स्पर्शसंवेदनांचं एक चक्र प्रसिद्ध केलं. त्यात रेशीम, मखमल, टाल्कम पावडर, सॅंडपेपर असे शब्द आहेत. थोडक्यात कापडाचं दुकान आणि सुताराची पेटी शेजारी शेजारी. पहिल्यांदा वाचताना हसू येतं, चार वाइन ओळीने चाखल्यावर येत नाही.

रेशमी आणि मखमली या दोन शब्दांत आपल्याकडेही गल्लत होते. रेशमावरून बोट सरकतं, वाटेत काही अडत नाही. मखमलीला लव असते. उलट्या दिशेने हात फिरवला की ती किंचित अडवते, पण बोचत नाही. म्हणून टॅनिन मुळातच कमी असलेल्या पिनो न्वार द्राक्षाच्या लाल वाइनला मी रेशमी म्हणतो. भरपूर टॅनिन असूनही ते बारीक आणि पिकलेलं असेल, तर मखमली. अर्जेंटिनातल्या मेंदोसाची चांगली माल्बेक बऱ्याचदा अशी असते.

हा पोत कुठून येतो? एक तर द्राक्षाचं बी आणि साल किती पिकली आहे यावरून. दुसरं, वाइन करताना बिया-देठांतून किती ओढून काढलं यावरून. तिसरं, नंतर काय केलं यावरून. बोर्दोत 225 लिटरच्या पिंपात काही अंड्यांचा पांढरा भाग फेटून घालायची जुनी रीत आहे. तो टॅनिनचे खरखरीत कण धरून तळाशी बसतो. नैर्ऋत्य फ्रान्समधल्या मादिरां भागात तानात नावाचं द्राक्ष पिकतं, टॅनिनने ठासून भरलेलं. त्याला माणसाळवण्यासाठी तिथले वाइनमेकर पात्रिक द्युकूर्नो यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला टाकीतल्या वाइनमध्ये प्राणवायूचे अगदी बारीक बुडबुडे सोडायचं तंत्र विकसित केलं. ते पुढे जगभर पसरलं.

आणि चौथं, काळ. वर्षं जातात तसं टॅनिन एकमेकांशी आणि रंगद्रव्यांशी जोडलं जातं, काही गाळ होऊन खाली बसतं, कडा झिजतात. आम्ल मात्र जवळजवळ तेवढंच राहतं. म्हणून ‘जुनी वाइन म्हणजे सॉफ्ट वाइन’ हे मला पटत नाही. काळ वाइनला घासून गुळगुळीत करतो, तिची उशी करत नाही. इटलीची बारोलो घ्या. नेबिओलो द्राक्षाची ही वाइन किमान 38 महिने मुरवल्याशिवाय विकता येत नाही, त्यातले 18 महिने लाकडात. पंधरा वर्षांची चांगली बारोलो मुलायम झालेली असते, पण आम्लाचा ताठ कणा तसाच असतो. मऊ वाइन हवी म्हणून कुणी ती उघडली तर बिचारा फसेल.

मग कोणती बाटली?

दोन्ही एकत्र हवं असेल, म्हणजे जोरही नको आणि खरखरही नको, तर पिकलेल्या मेर्लो द्राक्षाची लाल वाइन. पोमरोल हा बोर्दोचा भाग तिच्यासाठीच ओळखला जातो. पलीकडे बोर्दोच्याच मेदोक भागात काबेर्ने सोव्हिन्यों हे द्राक्ष वरचढ, आणि तरुण असताना ती चांगलीच ताठ. बाटली दोघांसाठी आणि दोघांच्या आवडी माहीत नसतील तर मी मेर्लोकडे वळतो. यात फारसं साहस नाही हे मान्य.

मुलायम हवी पण मऊ नसली तरी चालेल, म्हणजे तोंडाला थोडं पाणी सुटलं तर बरंच, अशांनी पिनो न्वार किंवा फ्रान्समधल्या बोजोले भागातली, गामे द्राक्षाची वाइन घ्यावी. बोजोलेत अख्खे घड न चिरडता टाकीत भरायची पद्धत आहे. त्यामुळे फळाचा स्वाद भरपूर उतरतो आणि टॅनिन कमी. आम्ल मात्र तरतरीत असतं. ज्याचे दात पटकन आंबतात त्याला हिच्याबद्दल ‘स्मूद’ असं सांगून पाजलं तर तो पुन्हा तुमचा सल्ला घेणार नाही.

मऊ पण मुलायम नाही, हा प्रकार सगळ्यात फसवा. उष्ण भागातली, 15 टक्क्यांच्या आसपास अल्कोहोलची, कमी आम्लाची आणि नव्या ओकमध्ये फार काळ ठेवलेली लाल वाइन. पहिला घोट गादीसारखा लागतो. तिसऱ्या घोटाला लाकडाचं टॅनिन हिरड्यांवर बसलेलं जाणवतं आणि घशाशी चरचर सुरू होते. उष्ण भागातलीच, पण मऊपणा टिकवणारी हवी असेल तर ओकचा मारा नसलेली, ग्रनाश द्राक्षाची वाइन बघा.

पांढऱ्या वाइनमध्ये टॅनिन नगण्य असतं, त्यामुळे तिथे निवड जवळजवळ फक्त मऊपणाची. व्हिओन्ये आणि गेव्युर्त्सट्रामिनर या द्राक्षांच्या वाइन मऊ. रिसलिंग ताठ, मग तिच्यात थोडी साखर असो वा नसो.

फसवणाऱ्या खुणा

ग्लास फिरवल्यावर काचेवरून जे ओघळ उतरतात त्यांचा मुलायमपणाशी संबंध नाही. ते अल्कोहोल आणि पाणी यांच्या पृष्ठताणातल्या फरकामुळे होतात. 1855 साली जेम्स थॉमसन यांनीच याचं कारण सांगून ठेवलं आहे. ग्लिसरॉलला उगाच श्रेय मिळतं. साध्या वाइनमध्ये ते लिटरमागे साधारण 5 ते 10 ग्रॅम असतं. त्याने किंचित गोडवा येतो, जाडी वाढल्याचं तोंडाला फारसं कळत नाही.

साखर ही मोठी थापाडी. ती टॅनिन आणि आम्ल दोन्ही झाकते, म्हणून साखर उरलेली स्वस्त रेड पहिल्या घोटाला ‘स्मूद’ वाटते. युरोपात साध्या वाइनवर ‘कोरडी’, म्हणजे गोड नसलेली, असं लिहायचं तर साखर सहसा लिटरमागे 4 ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. आम्ल चांगलं असेल तर थोडी सूट मिळते. आणखी एक, फ्रेंच बाटलीवरचा ‘म्वालो’ हा शब्द. चाखणाऱ्याच्या तोंडी त्याचा अर्थ मऊ, गुबगुबीत. पण लेबलावर तो गोड वाइनसाठी वापरतात.

तापमानही बघा. फार थंड केली की टॅनिन जास्त टोचतं, फार कोमट झाली की अल्कोहोल वर येतं. भरपूर टॅनिनवाली रेड 16 ते 18 अंशांवर ठीक, गामे 12–14 वर. एखादी बाटली खरखरीत लागली तर नावं ठेवण्याआधी वीस मिनिटं तशीच राहू द्या.

आणि शब्दांबद्दल एक सूचना. मऊपणा अति झाला की मराठीत त्याला मिळमिळीत म्हणतात, त्यात साखर असेल तर गुळमट. हे कौतुक नव्हे. बुळबुळीत तर चक्क दोष आहे. पेडिओकॉकस जातीचे काही जिवाणू वाइनमध्ये चिकट पदार्थ तयार करतात आणि ती तेलासारखी संथ ओतली जाते. तशी वाइन निघाली तर बाटली परत करा.

ठरत नसेल तर एक मेर्लो आणि एक पिनो न्वार शेजारी शेजारी ओता. घोट घ्या, गिळा, मग जीभ वरच्या हिरडीवरून सावकाश फिरवा. जीभ अडते का ते बघा, हा मुलायमपणाचा प्रश्न. मग तोंड मिटून दहा आकडे मोजा आणि किती लाळ सुटते ते बघा, हा मऊपणाचा. घोटागणिक टॅनिनचा थर चढत जातो, म्हणून ग्लास बदलताना मध्ये पाणी प्या आणि अर्धा मिनिट थांबा. निकाल तिसऱ्या घोटावर द्या.

मग बाटली मागताना ‘स्मूद’ हा शब्द न वापरताही काम होतं. “कोरडीच हवी, आंबटपणा चालेल, पण हिरड्या आवळायला नकोत,” किंवा “टॅनिन चालेल, आंबट नको.” मी हल्ली असंच सांगतो. त्यानंतर गोडसर बाटली माझ्या हातात आलेली नाही.