सहा दात एकदम मागे, की आधी सुळे?

फोंड्याच्या माझ्या भाचीच्या उपदाढा (सुळ्यांमागचे छोटे दात) काढून, तारा लावून पुढचे दात आत घ्यायचे ठरलंय. एक डॉक्टर म्हणतात, सहाही दात एकदम ओढूया. दुसरे म्हणतात, आधी सुळे, मग चार पटाशीचे दात. "मावशी, हाड कशात जास्त झिजेल?" हा तिचा प्रश्न मला फार योग्य वाटला.

दात सरकतो तेव्हा दाबाच्या बाजूचं हाड विरघळतं आणि मागे नवं तयार होतं. वरचे दात आत घेताना टाळूकडची हाडाची भिंत पातळ होते. मूळ तिथल्या कडक थराला भिडलं तर ते आखूड होण्याची भीती वाढते. हा धोका दोन्ही पद्धतींत आहे. दात किती मिलिमीटर न्यायचे, मूळ कसं कलतं, मुळात हाड किती जाड आहे, यावर तो जास्त ठरतो. म्हणून हाड पातळ वाटत असेल तर त्रिमितीय स्कॅनबद्दल आधीच विचार, असं मी तिला सांगितलं.

वेळ मात्र सुळे आधी घेतले की जास्त लागतो. पुढचे दात ओढताना आधार असलेल्या मागच्या दाढा थोड्या पुढे घसरतात; त्यात दोन्ही पद्धतींत मोठा फरक आढळलेला नाही. आधारासाठी छोटा स्क्रू हाडात बसवला तर त्या फारशा घसरत नाहीत, पण तो कधीकधी सैल होतो, आणि खर्चही वाढतो. गोव्यात बांबोळीच्या दंत महाविद्यालयात चौकशी करण्यासारखी आहे.

पुढचे दात दाटीवाटीचे असतील तर आधी सुळे. दात सरळ रांगेत, फक्त पुढे आलेले असतील तर सहाही एकदम. भाचीचे दुसऱ्या प्रकारचे आहेत.