मायक्रोकोड बायोसमधून घ्यावा की लिनक्सच्या पॅकेजमधून?

मायक्रोकोड म्हणजे प्रोसेसर चिपच्या आतला छोटा कोड; तो नवा चढवला की चिपमधल्या चुका झाकता येतात. बायोस म्हणजे मदरबोर्डवरचा, मशीन सुरू करणारा प्रोग्राम. घरच्या डेस्कटॉपवर मी दोन्ही वाटा चालून पाहिल्या आहेत. चिपमधली चूक तीच, मायक्रोकोडही बहुधा तोच. फरक तो कुठून चढतो एवढाच. मशीन बंद केलं की दोन्हीकडून चढवलेला पुसला जातो आणि पुढच्या बूटला पुन्हा चढतो.

आधी बायोसची बाजू, कारण एका बाबतीत तिला तोड नाही. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या डेस्कटॉप चिपांमधला व्होल्टेजचा घोळ (जादा व्होल्टेजने चिप हळूहळू खराब व्हायची) आठवत असेल. त्यावरचा ०एक्स१२९ हा मायक्रोकोड ऑगस्ट २०२४ मध्ये बायोस अपडेटमधून आला. तसली चिप असेल तर पुढचं वाचत बसू नका, आधी बायोस टाका. झालेली इजा मात्र त्याने भरून निघत नाही.

माझं घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. बायोस फ्लॅश केला, म्हणजे नवा टाकला, की माझ्या बोर्डावरच्या सगळ्या सेटिंग्ज मूळपदावर. एका रविवारी रात्री अपडेट केलं, मशीन नीट सुरू झालं म्हणून झोपलो. सोमवारी सकाळी एकही व्हर्च्युअल मशीन (संगणकातला संगणक) उठेना. तासभर लॉग चाळले, ती मशीन्स चालवणाऱ्या लिनक्समधल्या केव्हीएमला शिव्या घातल्या, तेव्हा कुठे कळलं की बायोसमधलं व्हर्च्युअलायझेशनच बंद झालंय. रॅम कमी वेगावर गेली आणि पंखे घोंघावायला लागले, ते वेगळंच. आता मोबाइलमध्ये बायोसच्या पानांचे नऊ फोटो आहेत. दर अपडेटनंतर ते समोर धरून एकेक सेटिंग लावत बसायचं.

पॅकेजला हा व्याप नाही. अपडेट, एक रीबूट, मग डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदींत, नवी आवृत्ती दिसली की झालं. बिघडलंच तर मागे फिरता येतं. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-त्रुटीवरच्या नव्या मायक्रोकोडने काही मशीन्स आपोआप रीबूट व्हायला लागली, इंटेलनेच ‘थांबा’ म्हटलं आणि डिस्ट्रोंनी (उबंटूसारख्या लिनक्सच्या वितरणांनी) जुना मायक्रोकोड परत दिला. बायोस मागे न्यायला कित्येक बोर्ड नकार देतात.

एएमडीवाल्यांसाठी हिशोब थोडा वेगळा. जुलै २०२३ मध्ये एएमडीच्या झेन २ चिपांमधली झेनब्लीड ही सुरक्षा-त्रुटी उघड झाली तेव्हा सर्व्हर चिपांना मायक्रोकोड लगेच मिळाला, डेस्कटॉप रायझनवाल्यांना बायोससाठी वर्षअखेरची तारीख. तोवर कर्नलनेच चिपमधला एक बिट फिरवून वेळ मारून नेली. म्हणजे तिथेही नड भागवली लिनक्सनेच.

दोन्ही केलं तरी भांडण होत नाही. कर्नल आपल्याकडचा नवा असेल तरच चढवतो. तुमचा बोर्ड सेटिंग्ज जपून ठेवत असेल तर तुमचं मत वेगळं होऊ शकेल. मी बायोसला वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत हात लावतो, नऊ फोटोंसकट.