सहा महिन्यांचे वायफाय एकदम भरू नका

लातूरला औसा रोडच्या मागच्या गल्लीत आम्ही चौघं रूम करून राहतो. नीटची टेस्ट सिरीज ऑनलाइन, त्यामुळे पहिलं काम वायफायचं. खालच्या मजल्यावरच्या पोरांनी एकाचा नंबर दिला. दुसऱ्याच दिवशी तो हजर. "दादा, १०० एमबीपीएस, महिना ५००. सहा महिन्यांचे एकदम दिले तर राउटर फ्री, नाहीतर दीड हजार डिपॉझिट."

पप्पांनी नुकतेच सोयाबीनच्या पट्टीतले पैसे पाठवले होते. मीच ३,००० दिले. क्यूआर स्कॅन केल्यावर नाव भलत्याच बाईचं आलं, तेव्हाच हात थांबायला पाहिजे होता. "वहिनीचं खातं आहे," म्हणाला. पावती म्हणजे वहीचं फाडलेलं पान.

पंधरा दिवस झकास. मग रात्री आठ वाजले की व्हिडिओवर चकरी फिरायला लागली. पहाटे तीनला स्पीड ९०, रात्री नऊला दीड-दोन. फोन केला की ठरलेलं उत्तर, "कंपनीकडूनच डाऊन आहे."

एका रविवारी टेस्टचे शेवटचे १२ प्रश्न सबमिटच झाले नाहीत. डोकं फिरलं. वायर धरून गच्चीवर गेलो. आमची वायर पाण्याच्या टाकीमागच्या डब्यात शिरत होती, आणि त्याच डब्यातून आणखी १३ वायरी खाली उतरल्या होत्या. वरून येणारी फायबर मात्र एकच. एका घरचं कनेक्शन, १४ रूम! एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट. सगळे बसले की १०० पैकी वाट्याला सात मेगाबिट, आणि आठ बिटांचा एक बाइट, म्हणून ८ ने भागलं तर सेकंदाला एक एमबीसुद्धा (मेगाबाइट) नाही. दिवसभर फिजिक्सची गणितं सोडवणाऱ्या आम्हाला एवढा भागाकार सुचला नव्हता.

डब्यावर कंपनीचं स्टिकर होतं. टोल फ्रीवर विचारलं, तर तुमच्या नावावर कनेक्शनच नाही म्हणे. तिसऱ्या महिन्यात डब्यावर लाल दिवा लागला तो लागलाच. त्याचा फोन बंद. मालक म्हणाले, "मी कुठं म्हणलो होतो घ्या म्हणून?"

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे, पण हातात बिल नाही, फक्त यूपीआयचा स्क्रीनशॉट. रूम बघायला जाल तेव्हा बिल कुणाच्या नावानं येतं ते विचारा, आणि वायर कुठून येते ते गच्चीवर जाऊन बघा. स्पीड रात्री नऊला बघा, दुपारी सगळीकडेच नेट पळतं.

आता कनेक्शन माझ्या नावावर आहे, पैसे महिन्याच्या महिन्याला. जुनी वायर काढायला निघालो, तर मालकीणकाकू म्हणाल्या, राहू दे, कपडे वाळत घालायला होते.