देवासचा पाव आणा म्हणून साच्यात ओतलेला नकली माल विकतायत, घेण्याआधी हे वाचा

संस्थानी तांब्याची नाणी जमवणाऱ्यांसाठी लिहितोय, त्यातही जे नवीन आहेत आणि व्हॉट्सॲप ग्रुपवरून घेतात त्यांनी नीट वाचा. देवासचं तुम्हाला माहीत असेलच, एकाच गावात पवारांची दोन राज्यं, थोरली पाती आणि धाकटी पाती. १८७६ च्या नेटिव्ह कॉइनेज ॲक्टखाली संस्थानांना सरकारी टांकसाळीतून नाणी पाडून घेता यायची, तशी १८८८ साली दोन्ही पात्यांनी तांब्याची नाणी पाडून घेतली. एका बाजूला व्हिक्टोरिया, दुसऱ्या बाजूला देवास स्टेट, आणि कुठल्या पातीचं ते ओळखायचं फक्त एस.बी. (सीनियर ब्रँच, थोरली) की जे.बी. (ज्युनियर ब्रँच, धाकटी) यावरून. माझ्याकडे थोरल्या पातीचा पाव आणा आहे, जोडी लावायची फार इच्छा होती.

एका विक्रेत्याने जे.बी. चे फोटो टाकले, एकदम कडक नाणं, राणीच्या मुकुटाची नक्षीसुद्धा स्पष्ट. साडेचार हजार सांगितले, "दादा घरातलं जुनं कलेक्शन आहे, दुसरा गिऱ्हाईक थांबलाय" वगैरे, मी यूपीआयने पैसे पाठवले आणि कुरिअरने आलं ते नाणं फोटोतलं नव्हतंच.

काट्यावर टाकलं तर सव्वापाच ग्रॅम. माझं एस.बी. चं भरतं ६.४, आणि ब्रिटिश इंडियाचा पाव आणाही १०० ग्रेन म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅमचाच, इतकी झीज असती तर चेहरा राहिलाच नसता. मग भिंग घेऊन बसलो. अक्षरं वापरलेल्या साबणासारखी गुळगुळीत, मधल्या सपाट भागात बारीक बारीक खड्डे, आणि कडेवर कानस फिरवल्याच्या आडव्या रेघा, कारण साच्याचा जोड तिथे घासून काढलेला. वरचा काळपट रंग केमिकलचा, कापसाने पुसला तर आला कापसावर. राणीच्या हनुवटीखाली एक तिरकी खोच होती. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण इंदूरच्या एका संग्राहकाने त्याच विक्रेत्याकडून घेतलेल्या नाण्याचा फोटो मला दाखवला तर खोच अगदी त्याच जागी, तेवढीच. म्हणजे एका खऱ्या नाण्यावरून साचा काढून हे लोक घाणे काढतायत, नाहीतर दोन वेगळ्या नाण्यांना एकच जखम कशी होईल?

परत घ्या म्हटलं तर आधी "कुरिअरवाल्याने बदललं असेल", मग ब्लॉक. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीये, पैसे अजून आलेले नाहीत. ज्यांच्या बाबतीत असं झालंय त्यांनी लगेच फोन करा, जितका उशीर तितका पैसा पुढे सरकतो.

घेताना काट्यावर ठेवलेल्या नाण्याचा व्हिडिओ मागा, त्यातच कड फिरवून दाखवायला सांगा, आणि नाणं व फोटो एकच आहे का ते डागांवरून ताडून बघा. खरा विक्रेता याला कंटाळत नाही.

आता नवीन नंबरवरून धारचा १८८७ चा पाव आणा फिरतोय, बोलण्याची तीच पद्धत, फोटोखालची चादरही तीच. कडेचा फोटो मागितला, अजून दिलेला नाही.